धावड्याच्या चहूबाजूंचा मुलूख

धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं, अजिंठा–बुलडाणा रस्त्यावरचं गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा इथून जवळ आहे आणि हा कडा पाण्याची वाटणी करतो. पठारावरचा पाऊस जुई, केळणा या नद्यांतून पूर्णेला आणि पूर्णेतून गोदावरीला जातो, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. अजिंठा गावाजवळून निघून कड्यावरून खाली झेपावणारी वाघूर मात्र तापीला मिळते आणि तिचं पाणी अरबी समुद्राकडे जातं. माणसांनी आखलेल्या हद्दीही याच भागात एकमेकींना भिडल्या. १९४८ पर्यंत धावडा निजामाच्या राज्यात होतं. पूर्वेला बुलडाण्याच्या बाजूने वऱ्हाड लागायचं आणि घाटाखाली थोडं पुढे गेलं की ब्रिटिशांचा खानदेश. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हा धावडा जालन्यात आलं आणि अजिंठा तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात राहिलं. त्यामुळे हा मुलूख एकसलग असूनही कुठल्याच एका जिल्ह्याच्या पर्यटन नकाशावर तो पुरता दिसत नाही.

असा मुलूख पाहावा कसा, याबद्दल दोन दृष्टी संभवतात. पाहण्याजोगी ठिकाणं नीट दाखवावीत, पाट्या लावाव्यात, पाहुणा दोन दिवस थांबेल अशी सोय करावी, ही पहिली. ठिकाणांपेक्षा त्यांना जोडणारी वाट, पाणी आणि जमीन समजून घ्यावी, गर्दी वाढवण्याची घाई करू नये, ही दुसरी. या दोन्ही बाजू इथे धावड्याच्या एका मामा-भाच्याच्या संवादातून मांडल्या आहेत. मामा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत, आणि भाचा प्रवासी गाडी चालवतो.

बोलणं अजिंठ्याच्या लेण्यांपासूनच सुरू होतं. भाच्याची तक्रार सरळ आहे. "मामा, जगभरातली माणसं लेण्यांवर येतात. सकाळी उतरतात, फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून बसनं वर जातात, तीन-चार तासांत लेणी पाहतात अन् दिवस मावळायच्या आत परत संभाजीनगरला नाहीतर जळगावला. आपल्या बाजूला एकही वळत नाही."

"वळतील कशाला?" मामा म्हणतात. "लेणी तिथेच का खोदली, हेच त्यांना कुणी सांगत नाही. ते कळलं तर माणूस पठारावर चढून येईल."

मामांच्या या बोलण्यामागे भूगोल आहे. अजिंठ्याला ३० लेणी आहेत आणि ती वाघूरच्या नालासारख्या वळणावर, सुमारे ७६ मीटर उंचीच्या कड्यात कोरलेली आहेत. पहिली लेणी इसवी सनाआधीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, सातवाहनांच्या काळातली. नंतरची बहुतेक पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहण्यासाठी एकांत हवा होता, पण भिक्षा आणि दान मिळण्यासाठी व्यापाराची वाट फार दूर असून चालणार नव्हतं. दख्खनच्या पठारावरून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट इथूनच जात होती. पुढे बुऱ्हाणपूरहून दक्षिणेत येणाऱ्या मोगल फौजाही याच घाटाने वर चढल्या.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि पलीकडच्या बाजूने त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. आजही समोरच्या उंचवट्यावरच्या 'व्ह्यू पॉइंट'वरून अख्खी लेणीमाला एका नजरेत येते. भाच्याला पाहुण्यांना न्यायचं आहे ते तिथे. पावसाळ्यात वाघूरच्या सात कुंडांवरून पाणी कोसळत असतं आणि त्याच्या बाजूने कोरलेली दारं ओळीने दिसतात. लेण्यांच्या आत पाहिलेलं चित्र किती अफाट कष्टाचं आहे, हे बाहेरून, दुरून पाहिल्याशिवाय समजत नाही. या मुद्द्यावर मामांचा भाच्याला पूर्ण पाठिंबा आहे.

मतभेद होतो तो गर्दीवरून. मामा चित्रांचं उदाहरण देतात. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या; त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. भिंतींवरची मूळ चित्रं रंग उजळावेत म्हणून फासलेल्या रोगणाने काळवंडली. हैदराबाद संस्थानाने १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार आणून ती जमेल तितकी वाचवली. "ज्याला-त्याला जवळून बघायचं होतं, घेऊन जायचं होतं," मामा म्हणतात, "त्यात चित्रांचं नुकसान झालं. आता तू आणखी माणसं आणायचं म्हणतोस."

"लेण्यांवर आणा असं मी म्हणतच नाही, मामा," भाचा उत्तरतो. "तिथली माणसं इकडे न्या म्हणतो. लेण्यांवरचा भार तेवढाच हलका होईल."

हा मुद्दा वजनदार आहे. एका जागी होणारी गर्दी आसपासच्या दहा जागांवर वाटली गेली तर मुख्य जागेला श्वास घ्यायला उसंत मिळते. अट एकच, की त्या दहा जागा सांभाळायला माणूस हवा.

यांतली पहिली जागा म्हणजे खुद्द अजिंठा गाव. लेण्यांना या गावाचं नाव मिळालं, पण लेणी पाहायला आलेला माणूस गावात थांबत नाही. गावाला निजाम-उल-मुल्कच्या काळातली, १७२७ च्या सुमारास बांधलेली तटबंदी आहे, बुरूज आहेत, वेशी आहेत आणि जुनी सराई आहे. इथल्या बारादरीत गिल राहत असे. पारो नावाच्या स्थानिक स्त्रीवर त्याचं प्रेम होतं. ती वारल्यावर त्याने तिची कबर बांधली आणि तिच्यावर २३ मे १८५६ ही तारीख कोरून घेतली. गिल स्वतः १८७९ मध्ये वारला, त्याला भुसावळला पुरलं. लेण्यांमधल्या राजवाड्यांच्या चित्रांपेक्षा ही साधी कबर काही लोकांच्या मनात जास्त दिवस राहते. कविता, कादंबरी, चित्रपट, सगळ्यांनी तिची गोष्ट उचलली.

भाच्याकडे इथे एक दूरचं उदाहरण आहे. जर्मनीत वुर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत १९५० मध्ये एक पर्यटन-मार्ग आखला गेला, त्याला 'रोमँटिक रोड' म्हणतात. जुन्या, तटबंदीच्या लहान गावांना जोडणारा हा रस्ता. त्यावरच्या रोथेनबुर्गची तटबंदी १९४५ च्या बाँबफेकीत काही भागात पडली. ती पुन्हा उभारताना देशोदेशीच्या लोकांनी पैसे दिले आणि त्यांची नावं भिंतीत बसवलेल्या दगडांवर कोरली आहेत. माणसं आज त्या तटावरून गावाला फेरी मारतात. त्याच रस्त्यावरचं न्योर्डलिंगेन हे गाव उल्कापाताने झालेल्या विवराच्या पोटात वसलं आहे, जसं आपल्याकडे लोणार विवराच्या काठावर आहे.

"त्यांना तटावर चालायला मिळतं," भाचा म्हणतो, "अन् आपल्या अजिंठ्याच्या तटाखालून रोज गाड्या जातात, वर मान करून कुणी बघत नाही. मामा, तिकडच्यासारखा रस्ता आपल्याकडे आखायला काय हरकत आहे?"

"आखायचा कशाला? रस्ता दोन हजार वर्षांपासून आहे," मामा म्हणतात. "तू फक्त त्याच्यावरची गावं ओळख. चल, अन्व्यापासून मोजू."

अन्वा हे भोकरदन तालुक्यातलंच गाव, अजिंठ्याहून जवळ. इथलं मंदिर आज महादेवाचं म्हणून ओळखलं जातं, पण बांधलं गेलं ते विष्णूसाठी. ते यादवकाळातलं, साधारण बाराव्या शतकातलं आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. मंडपात सुमारे ५० खांब आहेत. खांबावर बोट फिरवत वर गेलं की आधी चौकोनी तळ लागतो, मग आठ पैलू होतात, मग वर्तुळाकार कडी एकावर एक चढतात आणि शेवटी वर भार पेलणारी आकृती येते. बाह्य भिंतींवर विष्णूच्या शक्तींच्या मूर्ती आहेत. विष्णूच्या निरनिराळ्या रूपांना स्त्रीरूप देऊन अशा ओळीने कोरण्याचं काम महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी आढळतं, म्हणून मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना अन्वा मोलाचं वाटतं. पाहायला अर्धा तास पुरतो असं वरवर वाटतं. प्रत्येक मूर्तीच्या हातातली शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधं कोणत्या क्रमाने आहेत हे पाहत गेलं तर अर्धा दिवस कमी पडतो.

"हेच कुणी सांगत नाही," भाचा म्हणतो. "माणूस उतरतो, नमस्कार करतो, फोटो काढतो, निघतो. आपल्या गावातल्या चार शिकलेल्या पोरा-पोरींना हे शिकवलं तर ते दाखवतील अन् त्यांना रोजगारही होईल."

मामा याला मान डोलावतात. शिकवणं हा त्यांचाच धंदा होता.

भोकरदन हे तालुक्याचं गाव केळणेच्या काठी आहे. त्याचं प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत इथल्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या लोकांची नावं दगडात कोरलेली आहेत, म्हणजे इसवी सनाआधी इथली माणसं शेकडो मैल दूरच्या धर्मस्थळाला पैसा देण्याइतकी सुस्थितीत होती. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये इथे उत्खनन केलं. त्यात सातवाहनकाळातल्या वस्तीचे थर, मणी, मृण्मूर्ती, खापरं मिळाली आणि एक हस्तिदंती स्त्री-मूर्तीही मिळाली. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती. पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलं, त्यामुळे ती मूर्ती त्याआधी तिथे पोहोचली होती, हे ठाम सांगता येतं. पॉम्पेईची मूर्ती नक्की कोणत्या गावच्या कारागिराने घडवली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण भोकरदन आणि तेर इथल्या मूर्तींशी तिचं नातं अनेकजण मान्य करतात. पैठण, तेर, भोकरदन इथला माल घाट उतरून भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून जहाजाने पश्चिमेला.

आज भोकरदनला जाऊन हे काय दिसतं? फारसं काही नाही. प्राचीन वस्तीच्या पांढरीवर आजचं गाव उभं आहे. नदीकाठची तुकाई लेणी म्हणून ओळखली जाणारी हिंदू लेणी पाहता येतात. भाचा इथे हट्टाला पेटतो. "मामा, तुम्ही म्हणता गर्दीनं नुकसान होतं. इथं गर्दी नव्हती, तरी पांढरी गेली. कुणाला ठाऊकच नाही की खाली काय आहे, मग तो राखेल कसा? घर बांधताना मणी निघाला तर पोरं खेळायला घेतात."

या प्रश्नाला मामांजवळ उत्तर नाही, आणि खरं म्हणजे ते कुणाजवळही सहज मिळणार नाही. दुर्लक्षाने जे जातं त्याची मोजदाद होत नाही, म्हणून ते गर्दीने झालेल्या नुकसानीपेक्षा कमी वाटतं. भोकरदनच्या उत्खननातल्या वस्तूंच्या प्रतिकृती आणि एक मोठा नकाशा तालुक्याच्या गावी कायमचा मांडला, तर शाळेतल्या मुलाला आपण कुठल्या मातीवर चालतो हे कळेल. पाहुण्यासाठी जे करायचं ते आधी गावातल्या मुलासाठी करावं, एवढी एक दुरुस्ती मामा भाच्याच्या योजनेत सुचवतात.

भोकरदनच्या पुढे केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात असई आहे. बाहेरच्या जगात हे गाव 'असाये' म्हणून लष्करी इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात सापडतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज समोरासमोर आली. मराठ्यांकडे सुमारे १०० तोफा होत्या, कवायती पायदळाच्या पलटणी होत्या आणि हजारोंच्या संख्येने घोडदळ होतं. कवायती पलटणींचं नेतृत्व हॅनोव्हरच्या पोलमान नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होतं. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईला उतरलेली माणसं पाच हजारांच्या आत-बाहेर.

"गाडीतून उतरलेला माणूस मला विचारतो, लढाई कुठं झाली?" भाचा सांगतो. "मी समोर हात करतो. समोर कपाशी. तो पाच मिनिटं उभा राहतो अन् गाडीत बसतो. तिथं बोर्ड नको?"

"बोर्ड लाव. पण आधी त्याला नदीकडे ने," मामा म्हणतात. "ही लढाई नदी पाहिल्याशिवाय समजत नाही."

मामा सांगतात ते असं. मराठ्यांची छावणी केळणेच्या पलीकडे होती. समोरून नदी उतरणं म्हणजे थेट तोफांच्या तोंडी जाणं. वाटाडे सांगत होते की दुसरा उतार जवळपास नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर पूर्वेला नदीच्या दोन्ही काठांवर एकमेकांसमोर दोन गावं दिसली. समोरासमोरच्या दोन गावांमध्ये ये-जा असणार आणि ये-जा असेल तिथे उतार असणारच, असा त्याने तर्क बांधला. तर्क खरा निघाला. फौज पिंपळगावजवळ केळणा उतरली आणि डाव्या हाताला केळणा, उजव्या हाताला जुई अशा चिंचोळ्या पट्टीत शिरली. दोन्ही अंगांना नद्या असल्यामुळे मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाला वेढा घालायला जागा उरली नाही. पोलमानने मात्र वेलस्लीच्या अपेक्षेपेक्षा फार झपाट्याने आपली सगळी फळी वळवून नव्या दिशेला उभी केली. कवायत केलेल्या मराठी पलटणींचं ते कसब होतं, आणि ते इंग्रजांच्या वृत्तांतांतही कबूल केलेलं आहे. इंग्रज फौजेची उजवी बाजू चुकून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि तिथे तिची अक्षरशः कत्तल झाली. घोडदळाच्या हल्ल्याने ती कशीबशी वाचली. त्या घोडदळाचा म्होरक्या कर्नल मॅक्सवेल त्याच दिवशी मारला गेला. इंग्रजांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती पडल्या. जखमींना अजिंठ्याच्या कोटात हलवलं गेलं, म्हणजे तटबंदीचं ते गाव पुन्हा या कथेत येतं. पुढे नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणाऱ्या वेलस्लीला म्हातारपणी विचारलं, की तुम्ही लढलात त्यात सर्वांत सरस काय, तेव्हा त्याने असईचं नाव घेतलं. लढाईनंतर १८०३ च्याच डिसेंबरात भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला.

"हे सगळं दोन नद्यांच्या मधे उभं राहून दिसतं," मामा म्हणतात. "जुईच्या काठी उभं राहा, केळणेकडे तोंड कर, जागा किती कमी आहे ते बघ. कपाशी असली तरी काही बिघडत नाही. शेत आहे, ते शेतकऱ्याचं आहे, बांधावरून चालायचं."

"तेच मी म्हणतो, मामा. बांधावरून कुठून चालायचं हे सांगणारी पाटी हवी, नाहीतर पाहुणा पिकात शिरतो अन् भांडण आमच्या गळ्यात."

असईच्या बाबतीत दोघांचं म्हणणं एकाच जागी येतं. इथे स्मारक बांधण्यापेक्षा नदीच्या उतारापासून गावापर्यंतची पायवाट आखणं आणि ती ज्यांच्या बांधावरून जाते त्यांच्याशी आधी बोलणं, हे जास्त उपयोगाचं. आणि ही वाट मराठी माणसासाठीही आखायला हवी. या लढाईची वर्णनं बहुतेक इंग्रजीत, इंग्रजांच्या बाजूने लिहिली गेली आहेत; इथल्या मुलाला ती आपल्या शेताच्या बांधावरून वाचता आली पाहिजे.

धावड्याच्या पूर्वेला बुलडाण्याच्या वाटेवर जाळीचा देव हे महानुभाव पंथाचं तीर्थस्थान आहे. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी या भागात आले होते. इथल्या जाळीत त्यांनी वाघाच्या पिल्लांना जवळ घेतल्याची लीळा पंथात सांगितली जाते. पौर्णिमेला इथे मोठी गर्दी असते. जालन्याकडे राजूरचा गणपती टेकडीवर आहे, अंगारकीला तिथे रांगा लागतात. ही दोन्ही देवस्थानं आहेत आणि तिथे येणारा भाविक पाहुणा म्हणून येत नाही. मामांच्या मते ती सहलीच्या यादीत घालूच नयेत, ज्याला जायचं तो जातो. भाच्याला हे पटत नाही, कारण त्याच्या गाडीतले निम्मे प्रवासी जाळीच्या देवालाच उतरतात आणि तेही वाटेत अन्वा पाहू शकतात.

वाघाची गोष्ट मात्र पुराणापुरती राहिलेली नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, 'वॉकर' म्हणून ओळखला गेलेला रेडिओ कॉलरवाला वाघ २०१९ च्या अखेरीस १,३०० किलोमीटरांहून जास्त चालून बुलडाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२१ मध्ये पश्चिमेला कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात वाघ दिसला, तिथे कित्येक दशकांनी. म्हणजे वाघांनी अजिंठ्याच्या रांगेची वाट अजून सोडलेली नाही. रानात फिरताना वनखात्याची परवानगी घेणं आणि अंधार पडायच्या आत उतरणं यावर मामा-भाच्यात वाद नाही.

ऋतू कोणता, हा शेवटचा प्रश्न. भाच्याला पावसाळा हवा. तेव्हा धबधबे असतात आणि आसपासच्या बाजारांत हिरव्या मिरचीची धामधूम असते. पिंपळगाव रेणुकाई, वालसावंगी, धावडा हा सगळा पट्टा मिरचीचा. संध्याकाळी ताडपत्रीवर मिरचीचे ढीग पडतात, व्यापारी मूठभर उचलून देठ पाहतात, मोडून पाहतात, भाव ठरतो, पोती शिवली जातात आणि रात्री ट्रक परराज्यांकडे निघतात. पाहुण्याने हेही पाहावं, असं भाच्याचं म्हणणं. मामांची पसंती पावसाळा सरल्यानंतरच्या दिवसांना, कारण तेव्हा बांधावर चिखल नसतो, नदीचा उतार पायाखाली येतो आणि डोंगरात सीताफळं पिकलेली असतात.

दोघांच्या बोलण्यातून फिरण्याचा क्रम असा निघतो. पहिल्या दिवशी सकाळी अजिंठ्याची लेणी, दुपारी पठारावर चढून व्ह्यू पॉइंट, संध्याकाळी अजिंठा गावातला तट आणि पारोची कबर. मुक्काम पठारावरच. दुसऱ्या दिवशी अन्वा, मग भोकरदन, आणि ऊन उतरल्यावर असईचा नदीकाठ. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा पहिला दिवस सोमवार येणार नाही हे आधी पाहून ठेवावं.